सगळ्यात वरच्या रांगेतली फरशी

मी एक संगमरवरी फरशी बोलतेय. फरशी म्हटलं की माणसं लगेच पायांखाली बघतात. तिथे मी नाही. मान वर करा. अजून वर. पूर्वी पंखा लटकायचा त्या हुकाच्याही वर, जिथे भिंत संपते आणि छत सुरू होतं, तिथे डाव्या कोपऱ्यात मी आहे. माझ्यावर एका मुलीचं नाव कोरलेलं आहे. ते तुम्हाला खालून वाचता येणार नाही. कुणालाच येत नाही.

महाडच्या बाजारपेठेमागून नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत मुलींचं एक वसतिगृह होतं. पोलादपूरकडच्या डोंगरांतल्या वाड्यांवरून शिकायला आलेल्या मुली तिथे राहायच्या. त्याच्या जेवणाच्या हॉलमधली ही देणगीदारांची भिंत. माझं सगळं आयुष्य हिच्यावरच गेलं.

तसा माझा जन्म राजस्थानातल्या खाणीतला. पण त्यातलं मला फक्त ऊन आठवतं. एका नव्या देवळाच्या गाभाऱ्यासाठी मोठाली लादी ट्रकमध्ये घालून महाडला आणली होती. गाभाऱ्याला हवी तेवढी कापून झाली आणि जो तुकडा उरला ती मी. माझ्या अंगावर एक करडी शीर आहे. तिच्यामुळे मला कुणी घेतलं नाही. गोमाजी नावाचा कारागीर दगडावर अक्षरं कोरायचा. त्याच्या शेडमध्ये मी बरेच दिवस भिंतीकडे तोंड करून उभी होते. शेजारच्या फरश्या कुणाच्या ओट्याला, कुणाच्या उंबऱ्याला लागून गेल्या. मी आपली तिथेच.

मग एके दिवशी दत्तोपंत सर आले. ते शाळेत चित्रकला शिकवायचे. उंच, किडकिडीत, शर्टाच्या खिशात नेहमी दोन पेन्सिली. एक टोक केलेली आणि एक मोडलेली. वसतिगृहाचं बांधकाम पुरं होत आलं होतं आणि देणगीदारांची भिंत कशी करायची ते काम कमिटीने त्यांच्यावर सोपवलं होतं.

"गोमाजी, उरलेले तुकडेच दे," ते म्हणाले. "पण सगळे एका मापाचे काप."

"एका मापाचे? सर, लोक ज्याच्या त्याच्या देणगीपरमाणे लहानमोठी पाटी मागतात."

"मागू देत. आपल्या भिंतीवर कोणी मोठा नाही नि कोणी लहान नाही."

मला ते फार आवडलं. उरलेल्या तुकड्याला असं बोलणं आवडणारच.

सरांच्या मनात एक कल्पना होती. नावांची नुसती यादी करायची नाही, भिंतीवर आपला मुलूख उभा करायचा. सगळ्यात खाली नदीकाठ, म्हणजे सव आणि महाड. मधे शिवथरसारखी खोऱ्यातली गावं. त्यावर पोलादपूरच्या वाड्या. जे गाव जसं उंचावर, तशी त्या गावच्या देणगीदारांची फरशी उंचावर. मुली जेवायला बसल्या की त्यांना समोर आपले डोंगर दिसतील, असं ते म्हणायचे.

फरश्या भिंतीत बसवण्याआधी त्यांनी आम्हाला हॉलच्या जमिनीवर मांडलं. खडूने रेघा मारल्या आणि एकेक फरशी जागेवर ठेवली. अख्खी भिंत जमिनीवर निजलेली. सर पुन्हा पुन्हा दारापर्यंत जायचे, डोळे बारीक करून बघायचे, परत येऊन एखादी फरशी बोटभर सरकवायचे.

कमिटीची माणसं बघायला आली. प्रत्येक जण आधी आपलं नाव शोधायचा. ते सापडलं की चेहरा सैल व्हायचा आणि मग बाकीचं सगळं छान दिसायला लागायचं. कापडवाले महिपतशेठ मात्र कंबरेवर हात ठेवून उभे राहिले.

"सर, आम्हाला तळाला टाकलंत?"

"महाड नदीकाठी आहे, शेठ. म्हणून खालच्या रांगांत."

"म्हणजे पोरींच्या पायाशी?"

"छे हो! भिंत उभी राहिली की तुमचं नाव बरोबर तुमच्या डोळ्यांसमोर येईल. मान वाकडी करायला नको."

"मग बरं आहे. वर टाकलं असतंत तर आमच्या हिला दाखवायला शिडी आणावी लागली असती."

सगळे हसले. सरही हसले. त्या हसण्यात कुणालाच काही उमगलं नाही.

दुपारी सगळे गेल्यावर एक बाई दारात येऊन उभी राहिली. ठेंगणी, रापलेली, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, कडेला करवंदांची पाटी. ती डोंगरातल्या कुडपण गावची जनी.

तिची मुलगी सुप्रिया सातवी पास झाली होती. पुढची शाळा खाली होती. वाटेत ओढा लागायचा. एका श्रावणात शाळेतून येताना ओढ्याने तिला नेलं. गाववाल्यांनी खालपर्यंत शोधलं. दप्तर मिळालं, सुप्रिया मिळाली नाही. मुलींसाठी महाडात वसतिगृह होतंय हे कानावर आलं तेव्हा जनीने मुलीच्या लग्नासाठी जपून ठेवलेले चांदीचे तोडे आणून दिले होते. पावती घेतली नाही. एवढंच म्हणाली होती, "तिचं नाव कुठंतरी ऱ्हाऊ द्या. घरात फोटूसुदीक नाय."

"या जनीबाई," सर म्हणाले. "ही बघा तुमची सुप्रिया."

ती माझ्याशेजारी जमिनीवर बसली. पदराला हात पुसले. मग एक बोट माझ्या पहिल्या अक्षराच्या खाचेत ठेवलं.

"हितनं सुरू होतं?"

"हो. हा सु. आता इकडून वळा... हा प्रि. आणि हा या."

खरबरीत बोट होतं, नाचणी निवडून, लाकडं मोडून झालेलं. खाचेतून ते इतकं हळू फिरलं की मी गोमाजीची छिन्नी विसरले. एकदा फिरलं, दोनदा फिरलं. तिसऱ्यांदा तिने डोळे मिटून फिरवलं.

"येवढीशीच हाय," ती म्हणाली. "पर हाताला लागती. तवा हातबी लावाया मिळाला नवता, मास्तर."

 सरांनी खिशातली पेन्सिल काढली आणि परत ठेवली.

"आता हितंच ऱ्हानार ना ही?"

"हो. हीच जागा तिची. कुडपण सगळ्यात उंच, म्हणून सुप्रिया सगळ्यात उंच."

जनीने मान डोलावली. तिच्यापुढे तर मी जमिनीवरच होते, तिच्या मांडीला लागून. जमिनीवर मांडलेल्या भिंतीत सगळीच नावं हाताशी असतात. सर भिंत नेहमी दारातून बघत आले होते. नाव वाचायचं असतं, लांबून बघायचं असतं, हे त्यांना ठाऊक होतं. एखाद्याला ते नुसतं हाताने चाचपायचं असेल, हे ऐकूनही त्या दिवशी त्यांच्या ध्यानात आलं नाही.

उद्‌घाटनाला जनी परत आली, नवं लुगडं नेसून. हार, भाषणं, पेढे झाले. माणसं आपापल्या नावाजवळ उभी राहून फोटो काढून घेत होती. महिपतशेठांनी तर खिशातला रुमाल काढून स्वतःचं नाव पुसलं. जनी गर्दीतून वाट काढत भिंतीशी आली आणि मला शोधायला लागली. आधी खाली, मग मधे. मग तिने मान वर केली.

हात वर केला. टाचा उचलल्या. तिच्या बोटांच्या आणि माझ्यामध्ये अजून दोन माणसं मावली असती.

"मास्तर," ती हळूच म्हणाली, "तितं का वो टाकली माज्या पोरीला?"

हारतुऱ्यांच्या गडबडीत ते दुसऱ्या कुणाला ऐकू गेलं नाही. सरांना गेलं.  धावत जाऊन त्यांनी रंगाऱ्याची शिडी आणली. जनी दोन पायऱ्या चढली. पण तिचा एक गुडघा अधू होता, आणि शिडीला दोन्ही हातांनी धरावं लागतं. मग मला लावायचा हात कोणता? त्यात सगळा हॉल तिच्याकडे बघायला लागलेला. मागून कोणीतरी म्हणालं, "मावशी, पडाल हो, कंबर मोडेल, मग आणखी एक फरशी लावावी लागेल!" लोक हसले. जनी खाली उतरली, पदर सारखा केला आणि पेढा न घेताच गेली.

तेव्हापासून माझे एकटेपणाचे दिवस सुरू झाले.

वसतिगृहाच्या बाई होत्या गोदावरीबाई. शिस्तीच्या. "भिंतीला हात लावायचा नाही गं कुणी, डाग पडतात," असं त्या दिवसातून कितीदा तरी ओरडायच्या. रविवारी मुली ओल्या फडक्याने फरश्या पुसायच्या, पण हात पोचेल तिथपर्यंतच. खालच्या रांगा चकचकीत असायच्या. माझ्या अक्षरांत धूळ साचली, एका कोळ्याने तिथे घर केलं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. तेवढीच सोबत.

वरून मला सगळं दिसायचं. पानातली भाजी शेजारणीला ढकलणाऱ्या मुली, घरची आठवण आली की ताटाकडे बघत घास मोजून खाणाऱ्या मुली. नवीन आलेली प्रत्येक मुलगी पहिल्या संध्याकाळी भिंतीवर आपलं गाव शोधायची. डोंगरातल्या मुलींची मान वरपर्यंत यायची, डोळे बारीक व्हायचे, आणि मग ताटं वाढल्याची हाक यायची.

सर अधूनमधून यायचे. आता दारात थांबायचे नाहीत. सरळ माझ्याखाली येऊन भिंतीला तळवा टेकवायचे आणि वर बघायचे. मला खाली घ्यावं म्हणून त्यांनी कमिटीला सांगून बघितलं. पण मग माझ्या जागी वर जायचं कुणी? एकही देणगीदार तयार होईना. खाली दगडी चौथरा बांधू म्हणाले, तर गोदावरीबाईंनी मोडता घातला. "मुलींची जायची वाट अडेल, सर. ताटं घेऊन पडतील."

सर निवृत्त झाले आणि मुलाकडे पुण्याला राहायला गेले. जाण्याआधी ते आले तेव्हा हॉलमध्ये कुणी नव्हतं. "सुप्रिया," ते म्हणाले, "तुला उतरवणं काही जमलं नाही, बाळ." मग गेले. पुढे एका हिवाळ्यात याच हॉलमध्ये त्यांची शोकसभा झाली. भिंतीच्या रचनेचं सगळ्यांनी कौतुक केलं.

जनी मात्र दरवर्षी यायची. करवंदांच्या दिवसांत पाटी घेऊन यायची, ती मुलींना वाटून टाकायची. मग भिंतीला पाठ लावून बरोबर माझ्याखाली बसायची. माझ्याकडे बघायचीसुद्धा नाही. डोकं भिंतीला टेकवायची आणि डोळे मिटून, मांडीवर बोटाने काहीतरी गिरवत राहायची. ते बोट कसं वळतं ते मला वरून दिसायचं. एकदाही चुकलं नाही. मी एवढी जवळ आणि तिला माझा उपयोग नाही, असं वाटायचं तेव्हा.

आणि मग दोन हजार पाचचा जुलै आला.

महाडला पूर नवा नाही. दुकानदार माल माळ्यावर टाकतात, पाणी येतं, जातं, चिखल धुतला की दुकानं उघडतात. पण त्या दिवशीचं पाणी वेगळं होतं. गोदावरीबाईंनी सकाळीच मुलींना शाळेच्या वरच्या मजल्यावर नेलं. हॉलमध्ये मागे राहिलो आम्ही फरश्या.

पाणी आधी दाराखालून आलं, शहाण्या माणसासारखं. मग बाकं तरंगायला लागली. सव बुडालं, महाड बुडालं. महिपतशेठांचं नाव गेलं. खोऱ्यातली गावं एकेक करून गेली. दगडाला भीती वाटत नाही म्हणतात. मला वाटली. एकदा पाण्यात गेलेलं नाव माझ्या अंगावर होतं. ते दुसऱ्यांदा गेलं तर त्या बाईला मी काय सांगणार होते?

माझ्या खालच्या रांगेला लागून पाणी थांबलं. मग हळूहळू उतरायला लागलं.

उतरलं तेव्हा हॉल ओळखू येत नव्हता. गुडघाभर गाळ. खालच्या कितीतरी फरश्या सुटून त्यात रुतलेल्या. आणि पाण्याने जाता जाता सगळी बाकं, एक कपाट, भिजून फुगलेल्या गाद्या, कुठूनशी आलेली लाकडं, सगळं लोटत आणून माझ्या कोपऱ्यात रचलं होतं. वर चिखल बसून त्याची चांगली टेकडी झाली होती.

मदतीला आलेली मंडळी घमेल्यांनी गाळ उपसत होती. कंबरेला पदर खोचून गोदावरीबाईही त्यांच्यात होत्या. बरेच दिवस तेच चाललं होतं. एका दुपारी दारात जनी उभी. कपाळापर्यंत चिखल. घाटात दरडी कोसळल्या होत्या, एसटी बंद होती. ती चालत आली होती.

ती आत आली नाही. वर बघायचं तिला धाडस होईना.

"बाई," ती म्हणाली, "सगळे म्हनतात म्हाड बुडालं. माजी पोर ऱ्हायली का गेली, तेवडं सांगा."

"आहे हो, जनीबाई. वर बघा. आहे."

जनीने वर बघितलं. बघतच राहिली. एवढ्यात फावडेवाल्यांपैकी एकाने विचारलं, "बाई, हा कोपरा घेऊ का उपसायला?"

गोदावरीबाईंनी त्या ढिगाकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग जनीच्या अनवाणी पायांकडे.

"थांबा," त्या म्हणाल्या. "तो कोपरा आत्ता नको. जनीबाई, चढता का?"

"शिडीवर नाय गो बाई. मागं हसले समदे."

"शिडी कुठली? डोंगर आहे तो. नीट बघा तरी."

जनीने बघितलं. लुगडं वर खोचलं. अंगठ्याने चिखल दाबून बघितला, एक पाय रोवला, मग दुसरा. शिडी तिला परकी होती. उतार तिच्या पायांच्या ओळखीचा होता. अधू गुडघ्यावर हात टेकत, कुठे लाकूड आहे नि कुठे नुसता गाळ ते पायानेच ओळखत ती वर आली. खाली सगळी फावडी थांबली होती. या वेळी कुणी हसलं नाही.

तिचा चेहरा माझ्यासमोर आला. इतक्या वर्षांनी. केस पांढरे झाले होते. तिने हात पदराला पुसला, पण पदरही चिखलाचाच होता. कोळ्याचं जाळं अलगद बाजूला केलं आणि बोट पहिल्या अक्षरात ठेवलं. सु. प्रि. या. मग पूर्ण तळवा माझ्यावर ठेवला, तापात लेकराच्या कपाळावर ठेवतात तसा.

"कोरडी हाय," ती पुटपुटली. मग वळून मोठ्याने म्हणाली, "बाई, कोरडी हाय गो माजी पोर!"

गोदावरीबाईंनी घमेलं खाली ठेवलं.

"मास्तरांनी हितं वर टाकली तवा मी लय बोलले त्येंना. मनातल्या मनात बोलले, पर बोलले. त्येंना सांगा बाई, बरं केलं म्हनावं. माजी पोर वाचली."

"सांगते हो," गोदावरीबाई म्हणाल्या आणि तोंड फिरवून उभ्या राहिल्या. सर गेल्याचं त्यांनी तिला सांगितलं नाही.

ती किती वेळ तिथे होती मला सांगता येणार नाही. ती उतरून गेल्यावर दुसऱ्या दिवशी तो ढीगही उपसला गेला आणि मी परत उंच झाले. माझ्या पहिल्या अक्षरात तिच्या बोटाचा चिखल राहिला. तो वाळला. इथवर कुणाचं फडकं पोचत नाही म्हणून अजून आहे.

आता वसतिगृह इथे नाही. चढावर नवी इमारत झाली, तिथे पाणी येणार नाही म्हणतात. मुली गेल्या, बाकं गेली, पंखाही काढून नेला. सुटलेल्या फरश्या धुऊन तिकडे नेल्या. मी घट्ट बसले आहे, आणि उंच आहे, म्हणून मागे राहिले. दाराला कुलूप आहे. या करवंदांच्या दिवसांत जनी आली होती. खिडकीच्या गजांतून तिने आत बघितलं, पण कोपऱ्यात अंधार होता. पाटी बाहेरच ठेवून ती गेली. कुणी नेईपर्यंत करवंदं सुकली.

काल दोन माणसं येऊन माझ्याकडे बोट दाखवून गेली. मला काढून नव्या भिंतीत लावणार आहेत. माझ्या करड्या शिरेवर छिन्नी बसली तर माझे दोन तुकडे होतील. म्हणून जे सांगायचं ते आत्ताच सांगते. तुम्ही ती नवी भिंत करणार असाल, तर सरांची कल्पना मोडू नका. डोंगर डोंगराच्या जागी राहू दे, नदी नदीच्या. माझी जागा रिकामी राहिली तरी चालेल. मला मात्र भिंतीच्या बाहेर, एकटीला, कुठेही खाली लावा. एकटं राहायची मला सवय आहे.

उंची दारातून ठरवू नका. जनी येईपर्यंत थांबा. तिला भिंतीशी उभं करा आणि हात सहज जिथे टेकेल तिथे खूण करा. मग त्या खुणेच्याही थोडं खाली मला बसवा. दरवर्षी ती जरा जरा वाकत चालली आहे.